स्मार्ट कॅम्पसची सुरुवात मीटरपासून

विद्यापीठाचा जुना परिसर शाश्वत आणि स्मार्ट करायचा आहे, तर डिजिटल ट्विन (परिसराची संगणकातली प्रतिकृती), सेन्सर आणि ॲप यांपैकी आधी काय घ्यावं, असं तुम्ही विचारलं आहे. माझं स्पष्ट मत: आधी प्रत्येक इमारतीला वीज आणि पाण्याचे स्वतंत्र मीटर बसवा, दर १५ मिनिटांनी नोंद ठेवणारे. सगळ्या परिसराचं एकच बिल येत असेल, तर वापर कुठे वाढतोय हे कळायला मार्गच नाही.

मीटर लागले की रात्री २ ते ४ चा आलेख बघा. वर्ग रिकामे असूनही विजेचा भार उतरत नसेल, तर बहुधा वातानुकूलनाचे पंखे आणि पंप विनाकारण फिरताहेत. पाण्याचा प्रवाह त्या वेळीही शून्याजवळ येत नसेल, तर बहुधा गळती आहे. निदान वर्षभराची नोंद हवी, कारण परीक्षा, सुट्ट्या आणि ऋतू यांनी वापर पार बदलतो. ऊर्जा व्यवस्थापनाचं आयएसओ ५०००१ हे आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आधी अशी आधाररेषा, म्हणजे तुलनेसाठी सुरुवातीची नोंद, मागतं.

प्रयोगशाळांकडे खास लक्ष द्या. फ्यूम हूड, म्हणजे घातक वाफा ओढून घेणारी, पुढे सरकती काच असलेली कपाटं, थंड किंवा गरम केलेली हवा सतत बाहेर फेकतात, आणि तेवढीच नवी हवा पुन्हा थंड किंवा गरम करावी लागते. हवेचा प्रवाह आपोआप कमी-जास्त होणारे हूड असतील, तर काम संपल्यावर पुढची काच खाली ओढण्यानेही मोठी बचत होते. काच उघडी राहिल्याची सूचना देणारा साधा सेन्सर इथे खरोखर कामाचा आहे.

वर्गांसाठी वेळापत्रक थेट इमारत नियंत्रण प्रणालीला, म्हणजे वातानुकूलन वगैरे चालवणाऱ्या यंत्रणेला, जोडा. सोबत कार्बन डायऑक्साइडचे सेन्सर लावा. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतं, भरलेल्या बंद वर्गात ते सहज १००० च्या वर जातं. त्यानुसार ताजी हवा सोडता येते. माणसं मोजायला कॅमेरे मात्र नकोत. वाय-फायला जोडलेल्या उपकरणांची नुसती एकूण संख्या पुरते, कोण कुठे बसलंय हे साठवायची गरज नाही.

निविदेत दोन अटी हव्यातच: उपकरणं बॅकनेट किंवा मॉडबससारख्या खुल्या प्रोटोकॉलवर, म्हणजे कुठल्याही कंपनीला वापरता येणाऱ्या समान संवाद-नियमांवर, बोलली पाहिजेत, आणि सगळा डेटा विद्यापीठाच्या मालकीचा राहिला पाहिजे. नाहीतर पुरवठादार बदलताना सगळं नव्याने घ्यावं लागतं.

डिजिटल ट्विन यानंतर. मोजमाप भक्कम असलं की सॉफ्टवेअर किती उपयोगी पडतं, हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात दिसतं. तिथे २०१५ मध्ये वायूवर चालणारा सहनिर्मिती (वीज आणि उष्णता एकत्र तयार करणारा) प्रकल्प बंद झाला. आता इमारती थंड करताना निघालेली उष्णता पाणी तापवायला वापरतात, आणि हवामानाचा व मागणीचा अंदाज घेऊन कुठलं यंत्र कधी चालवायचं हे सॉफ्टवेअर ठरवतं.

आणि एक, तुमच्या समितीत देखभाल विभागातलं कुणी आहे का? नसेल तर पुढच्या बैठकीआधी घ्या. आलेखात दिसलेला पंप प्रत्यक्षात तेच बंद करणार आहेत, आणि तो का चालू ठेवला होता हेही त्यांनाच ठाऊक असतं.