टोकियोहून लॉस एंजेलिसला विमानाने जायला किती वेळ लागतो? अंतर किती आहे?

टोकियो ते लॉस एंजेलिस हे हवाई अंतर सुमारे ८,८०० किलोमीटर असून थेट विमानाने जाताना साधारण दहा तास, तर परतीला साडेअकरा ते बारा तास लागतात. हा फरक पडतो तो उत्तर प्रशांत महासागरावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणाऱ्या जेट प्रवाहामुळे. जाताना हा वारा विमानाच्या पाठीशी असतो आणि येताना तोच समोरून येतो. हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो, तशी ही तफावतही वाढते. तिकिटावरील वेळा मात्र स्थानिक असतात, हे आवर्जून लक्षात ठेवावे, कारण वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जात असल्याने टोकियोहून संध्याकाळी पाचला निघालेले विमान त्याच तारखेच्या सकाळी लॉस एंजेलिसला उतरते.