रायबंदरच्या पुलाला सिमेंट लावू नका

प्रश्न: मी रायबंदरची, रोज पणजीला स्कूटरने त्या जुन्या पुलावरूनच जाते. मुलगा म्हणतो आई हा तर साधा रस्ता, पूल कुठंय? कडेच्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांतून पिंपळ उगवलेत. हा खरंच मध्ययुगीन आहे का, आणि झाडं उपटून सिमेंट मारलं तर चालेल का?

उत्तर: ताई, तुमच्या मुलाला सांगा, हाच पूल. १६३३-३४ मध्ये गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द लिन्यारिश याने बांधून घेतला, लांबी साधारण ३ किलोमीटर. शिवाजी महाराज तेव्हा तीन-चार वर्षांचे! युरोपच्या हिशोबाने तेव्हा मध्ययुग संपलं होतं, पण आपल्या शाळेत शिवकाळ मध्ययुगातच शिकवतात, त्यामुळे तुम्ही म्हणता ते चूक नाही. तेव्हा राजधानी जुन्या गोव्यात होती आणि रायबंदर ते पणजी मधे नुसता चिखल, खारफुटी नि मिठागरं, त्यातून हा चिऱ्याचा बांध घातला, भरती-ओहोटीचं पाणी खेळायला मधे मधे कमानी ठेवल्या. मला विचाराल तर त्याचा जीव या कमानींत आहे, त्या कचऱ्याने तुंबल्या की पाणी बांधालाच रेटतं. १९८६ च्या जुलैत पणजीचा मांडवी नदीवरचा पूल कोसळला, त्याला २० वर्षंही झाली नव्हती, आणि हा अजून गाड्या पेलतोय.

सिमेंट मात्र अजिबात नको. चिरा ओल पितो आणि ती बाहेरही सोडतो, म्हणून जुन्या लोकांनी चुना वापरला, तोही ओल सोडतो. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, खाडीचं मीठ चिऱ्यात साठतं आणि चिरा पापुद्रे सुटून भुसा होतो, बाहेरून बघाल तर सगळं छान गुळगुळीत! पिंपळही ओढून उपटू नका, मुळं सांध्यात घट्ट बसलेली असतात, ओढलं तर चिरेच निखळतील. झाड कापायचं, मग सांधा मोकळा करून मूळ काढायचं आणि तोच चिरा चुन्यात परत बसवायचा, आणि हे काम चुन्याची सवय असलेल्या गवंड्याचंच.

तुम्ही एवढं करा, पुरातत्त्व खात्याला लेखी अर्ज द्या, सोबत तारीख टाकून फोटो जोडा, कुठल्या कमानीजवळ तेही लिहा. फोटो ओहोटीला काढा हं, कमानीचं खालचं अंग तेव्हाच दिसतं.