एप्सम डर्बीचा घोडा पारखताना मी आधी त्याची हार बघतो

प्रश्न असा आहे: एप्सम डर्बीत, म्हणजे इंग्लंडमधल्या तीन वर्षांच्या घोड्यांच्या दीड मैलाच्या मोठ्या रेसमध्ये, उतरणारे बहुतेक घोडे एवढं अंतर पूर्वी कधी धावलेलेच नसतात, मग जाणकार अंदाज कशावर बांधतात? मागची रेस जिंकलेला घोडा सरळ पुढे धरावा का?

धरू नये. निदान मी धरत नाही. पैसे लावायची सवय मला नाही, पण दरवर्षी मे महिन्यात वही काढून पहिले चार लिहून ठेवतो आणि जूनमध्ये स्वतःवर हसतो. इतक्या वर्षांत एक खोड लागली, घोडा जी रेस हरला ती आधी बघायची. जिंकताना अनेकदा त्याला कोणी काही विचारलेलंच नसतं. हरताना तो नेमका कुठे अडला ते दिसतं.

2010 चा वर्कफोर्स घ्या. डर्बीआधीच्या एका ट्रायलमध्ये (चाचणी रेसमध्ये), यॉर्कच्या डान्टे स्टेक्समध्ये, केप ब्लँकोच्या मागे दुसरा. निकालाच्या तक्त्यात एवढंच. रेस पाहिली तर कळतं की लगामाची तोंडातली कडी सरकून बाहेर आली होती आणि जॉकीला त्याला धड सांभाळताच येत नव्हतं. तरीही दुसरा! तीन आठवड्यांनी, आयुष्यातल्या तिसऱ्याच रेसमध्ये, त्याने डर्बी सात लेंग्थनी (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) मारली, 2 मिनिटं 31.33 सेकंदांत. एप्समचा तो विक्रम ठरला.

हे सगळं ठाऊक असूनही 2024 ला मी सिटी ऑफ ट्रॉयवर काट मारली. दोन वर्षांचा असताना तिन्ही रेसेस जिंकलेला घोडा न्यूमार्केटच्या 2000 गिनीजमध्ये नववा आला. त्यात बाप जस्टिफाय, अमेरिकन घोडा, म्हटलं, संपलं. स्टॉल्समध्येच, म्हणजे रेस सुटते त्या कप्प्यांमध्येच, तो बिथरला होता आणि धावायच्या आधीच त्याची रेस गेली होती, हे मी पाहूनही मोजलं नाही. एप्समला तो आतल्या रेलच्या कडेने आला आणि जिंकला. मला जास्त लागलं ते यासाठी, की आदल्याच वर्षी त्याच तबेल्यातला ऑगस्ट रोडँ गिनीजमध्ये बारावा येऊन डर्बी जिंकला होता. गिनीज म्हणजे सरळ ट्रॅकवर एक मैल. तिथली हार वेगाबद्दल काहीतरी सांगते, दमाबद्दल फारच थोडं.

दमासाठी वंशावळ बघावी लागते, आणि त्यात आईकडची बाजू अजिबात सोडू नका. 2009 ला सी द स्टार्स गिनीज जिंकून आला तेव्हा दीड मैल पुरेल का, अशी शंका होतीच, कारण बाप केप क्रॉस मैलाचा घोडा. पण आई अर्बन सी 1993 ची आर्क (पॅरिसची दीड मैलाची मोठी रेस) विजेती, आणि तिचाच मुलगा गॅलिलिओ 2001 ला डर्बी जिंकलेला. एवढं पुरेसं होतं. तो जिंकला.

आता ट्रॅक. एप्समची खरी परीक्षा इथे आहे. सुरुवातीला चांगलाच चढ, मग उतार, आणि त्या उतारावरच डावीकडे टॅटनहॅम कॉर्नर. वळून सरळ रेषेत आलं की जमीन आतल्या रेलकडे कललेली. लांब ढांगांचा, थोराड घोडा उतारावर गडबडतो, वळणावर बाहेर फेकला जातो आणि मग सरळ रेषेत रेलकडे घसरत राहतो. जॉकी एका हाताने त्याला सरळ करतोय आणि बाकीचे निघून जातायत, असं दृश्य दरवर्षी एकदा तरी दिसतंच. 1986 ला डान्सिंग ब्रेव्ह वळणावर इतका मागे होता की शेवटी विजेसारखा येऊनही शहरस्तानीपुढे अर्ध्या लेंग्थने कमी पडला. चूक घोड्याची की जॉकीची, हा वाद निघाला की रात्र पुरत नाही. त्याच वर्षी त्याने आर्क जिंकली, म्हणजे घोडा कमी दर्जाचा नव्हता.

म्हणून ट्रायल रेस पाहताना मी वळण आणि उतार शोधतो. 2025 ला लॅम्बर्न हा घोडा चेस्टर व्हाझ ही ट्रायल जिंकून आला होता. चेस्टरचा ट्रॅक एवढासा, सारखं डावीकडे वळत राहणारा. मी नाक मुरडलं. पण दीड मैलाहून थोडं जास्तच अंतर, तोल सांभाळत, तो तिथे धावून आला होता. एप्समला त्याने आघाडी घेतली ती सोडलीच नाही. फेव्हरिट, म्हणजे सगळ्यात जास्त पैसे लागलेला, डेलाक्रोआ मागे कुठेतरी राहिला. पुढे कोण जाणार आणि त्याला कोणी छेडणार का, हेही तपासा. 2020 ला सर्पेंटाइनला सगळ्यांनी मोकळं जाऊ दिलं आणि 25 ला 1 भाव असलेला, म्हणजे कोणी फारसा न धरलेला घोडा साडेपाच लेंग्थनी जिंकला.

वजनाचं गणित इथे फारसं नाही. सगळे तीन वर्षांचे, नरांना सारखं वजन, मादीला तीन पौंडांची सूट. ड्रॉवर, म्हणजे कोणाला कितवा स्टॉल मिळाला यावर, लोक फार बोलतात; सिटी ऑफ ट्रॉय नको वाटणाऱ्या एक नंबरच्या स्टॉलमधून सुटूनही जिंकला, तेव्हापासून मी तो रकाना शेवटी भरतो. पॅडॉकमध्ये (रेसआधी घोडे फिरवतात त्या आवारात) घोडा थोडा घामेजला तर चालतं, पण मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस आणि सतत मान झटकणं असेल तर मी त्याला एक जागा खाली सरकवतो.

आणि ट्रायलचं रेकॉर्डिंग विजयरेषेवर बंद करू नका. पुढचे दहा सेकंद बघा. कधी कधी तिसरा आलेला घोडा रेषेनंतरच्या शंभर मीटरमध्ये, जॉकीने हात सैल सोडलेले असताना, पहिल्या दोघांना सहज मागे टाकून जातो. वहीत त्याच्यापुढे मी पुढच्या वेळेसाठी खूण करतो.