गोलात बसत नाही म्हणून शाळा बदलायची का?

ताई, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. मुलगा तीन वर्षं आठ महिन्यांचा. जूनपासून खासगी नर्सरीत जातो. दहा-बारा शब्द बोलतो. प्रार्थनेला सगळी मुलं गोल करून बसतात, हा मात्र गोलात बसत नाही; प्रार्थना सुरू झाली की कानांवर हात ठेवून दाराकडे पळतो, गाड्या एका ओळीत लावत बसतो. शाळा म्हणते, दिवाळीनंतर तुमच्या खर्चानं शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्यासोबत राहणारी मदतनीस आणा, नाहीतर स्पेशल स्कूल बघा. घरचे म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, याचा बाबाही चौथ्या वर्षी बोलला. आणि तुम्ही विचारताय, शाळा बदलू का?

मी एकवीस वर्षं बालवाडीत शिकवते आहे. ज्या मुलांना जरा जास्त आधार लागतो, त्यांचं काम शेवटची बारा वर्षं माझ्याकडे आहे. माझं मत विचाराल तर शाळा लगेच बदलू नका, पण वाट बघतही बसू नका. तपासणी आणि वर्गातले बदल ही दोन्ही कामं एकाच आठवड्यात सुरू करा. ‘आधी डॉक्टर काय म्हणतात ते कळू दे, मग बघू’ असं शाळेला म्हणू देऊ नका. तुम्हीही तसं म्हणू नका.

तपासणीत सगळ्यात आधी कान. टीव्हीवरची जाहिरात लागली की धावत येतो, म्हणजे ऐकू येतंय, असं धरून ही पायरी नेहमी गाळली जाते. पण काही आवाज स्पष्ट आणि काही अर्धेच ऐकू येतात, असंही असतं. सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकतं आणि कित्येक आठवडे त्यांना सगळं दबलेलं ऐकू येतं. मोठ्या आवाजाला कान झाकतो म्हणून ऐकणं चांगलं आहे, हेही खरं नव्हे. कमी ऐकू येणाऱ्या मुलालाही मोठा आवाज सहन न होणं शक्य आहे. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञांकडे जा. मूल साथ देत नसेल तर झोपेत करायची बेरा चाचणी असते, आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते त्यात यंत्रावर दिसतं, ती करून घ्या.

हे इतकं कळकळीनं सांगण्यामागे एक कारण आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत वर्गात एक मुलगी होती. हाक मारली तरी बघायची नाही. मी तिच्या वहीत ‘लक्ष देत नाही, हट्टी आहे’ असं लिहिलं होतं. सहा महिन्यांनी कळलं की तिला डाव्या कानानं जवळजवळ ऐकूच येत नाही. माझी खुर्ची तिच्या डाव्या बाजूला होती. सहा महिने मी तिला त्याच बाजूनं हाक मारत होते. तो शेरा मला अजून आठवतो आणि अजून वाईट वाटतं.

कानानंतर डेव्हलपमेंटल पेडिॲट्रिशियन, म्हणजे मुलांच्या विकासाचे डॉक्टर. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मी काहीही नाव देणार नाही, आणि वर्गताईंनीही देऊ नये. ते काम डॉक्टरांचं. खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात जाऊन डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली ही केंद्रं आहेत. तो कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरहून सुरू झाला. जन्मतः असलेले दोष, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर असे चार भाग त्यात तपासले जातात, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत जातात. खासगी नर्सरीतली मुलं त्यातून सुटतात, म्हणून आपण स्वतः जायचं. बालरोगतज्ज्ञ, ऑडिओलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक हे सगळे एका छताखाली आणि मोफत असावेत, अशी त्या केंद्रांची रचना आहे.

‘बाबाही उशिरा बोलला’ याबद्दल एवढंच म्हणेन. असेलही तसं. तपासणीत सगळं ठीक निघालं तर तुमची दोन-तीन सकाळ जातील. ठीक नसेल आणि तुम्ही वर्षभर थांबलात, तर ते वर्ष परत मिळत नाही.

भाषेचंही तुम्ही विचारलंय. शाळेत इंग्रजी, घरी मराठी, त्यामुळे गोंधळतोय का? नाही. दोन भाषांमुळे वाचेला उशीर होत नाही. ऑटिझम असलेल्या मुलांच्या बाबतीतही हेच दिसून आलं आहे. कोणी सांगितलं म्हणून घरात इंग्रजी सुरू केलं असेल तर कृपया थांबवा. आजी मराठीत जे बोलते, रागावते, लाडानं हाक मारते, ते तोडक्या ‘कम हिअर, सिट डाउन’मध्ये कुठून येणार? मुलाला भरपूर बोलणारी माणसं हवीत, आणि माणूस आपल्या भाषेतच भरपूर बोलतो.

आता वर्गाकडे येते. माझ्या मते सगळं इथेच ठरतं.

‘बसत नाही’ ही तक्रार झाली, माहिती नाही झाली. वर्गताईंना विनंती करा की पाच दिवस फक्त तीन गोष्टी लिहायच्या: पळाला तेव्हा घड्याळात किती वाजले होते, त्याच्या आधीच्या दोन मिनिटांत वर्गात काय चाललं होतं, आणि पळाल्यावर त्याला काय मिळालं. एका ओळीत. यापेक्षा जास्त लिहायला सांगितलं तर पंचवीस मुलं सांभाळणारी बाई लिहू शकणार नाही, आणि त्यात तिचा दोष नाही.

आमच्याकडे एक मुलगा होता. रोज साडेदहाच्या सुमारास किंचाळायचा आणि आडवा पडायचा. सगळ्यांचं मत, ‘याला भूक सहन होत नाही.’ नोंद ठेवली तेव्हा दिसलं की किंकाळी डबा खाताना नाही, डबे उघडताना येते. चोवीस स्टीलचे डबे एकदम शहाबादी फरशीवर आपटत होते, झाकणं गडगडत होती. आम्हाला वर्षानुवर्षांच्या सवयीनं ते ऐकूच येत नव्हतं. डब्याखाली प्रत्येकाला घरून आणलेला जाड रुमाल अंथरायला सांगितला आणि चार-चार मुलांनी पाळीपाळीनं डबे उघडायचे ठरवलं. किंचाळणं आठवड्याभरात जवळजवळ थांबलं. तो मुलगा आहे तसाच होता, बदलली ती फरशी. आणि गंमत म्हणजे बाकीची तेवीस मुलंही शांतपणे जेवायला लागली.

तुमच्या मुलाचं प्रार्थनेच्या वेळी पळणं मला त्याच जातीचं वाटतं. स्पीकर लागतो का? सगळे वर्ग हॉलमध्ये एकत्र येतात का? तसं असेल तर ताईंना सांगा, त्याला सुरुवातीला आत बसवूच नका. शेवटची दोन मिनिटं आत आणा, त्याच्या आवडीच्या बडबडगीताला, आणि ते संपलं की सगळ्यांबरोबर तोही उठेल. म्हणजे रोज त्याचा अनुभव ‘मी गोल पूर्ण केला’ असा होतो. मग दोनाची तीन, तिनाची पाच मिनिटं. सुरुवातीपासून बसवून मध्येच तो पळाला, तर रोजचा अनुभव पळण्याचा होतो. जागा कडेची द्या, दाराजवळची, आणि बस्कर रोज तेच. दार जवळ असलं की पळायची गरज कमी वाटते, हे मी अनेक मुलांत पाहिलंय.

दुसरं, चित्रपट्टी. पुठ्ठ्याच्या लांब पट्टीवर वेलक्रोनं पाच फोटो: चपलांचं स्टँड, सतरंजी, डबा, घसरगुंडी आणि शेवटी घ्यायला येणारी आजी. इंटरनेटवरची गोंडस चित्रं नकोत. त्याच्याच वर्गातल्या वस्तूंचे, त्याच्याच आजीचे फोटो हवेत. एक काम संपलं की तो फोटो त्यानं स्वतः काढून पिशवीत टाकायचा. न बोलणाऱ्या मुलाला पुढे काय होणार ते कळत नाही, आणि ते न कळणं किती भीतीचं असतं, हे आपण मोठी माणसं विसरतो. आजीचा फोटो पट्टीवर दिसत राहिला की ती येणार आहे याची खात्री राहते. चित्रं दाखवली तर बोलायला शिकणार नाही अशी धास्ती पालकांना असते. तसं होत नाही, उलट बऱ्याचदा चित्रावरून शब्द येतो.

तिसरी गोष्ट फुकट आणि सगळ्यात अवघड आहे: थांबणं. ‘पाणी हवं?’ असं विचारून मनात दहापर्यंत मोजायचं. आपण तीनला पोचायच्या आत पुन्हा विचारतो, मग आपणच पेला हातात देतो. ओळखीच्या बडबडगीताची ओळ म्हणा आणि शेवटचा शब्द सोडून त्याच्याकडे बघा. तो शब्दानं भरेल, हातानं भरेल, नुसता हसेल. तिन्ही उत्तरं धरायची. ‘म्हण, म्हण ना, काकांना म्हणून दाखव’ हे मात्र घरात पूर्ण बंद. परीक्षा होतेय हे मुलाला लगेच कळतं.

शॅडो टीचरबद्दल माझं मत बऱ्याच पालकांना आवडत नाही, पण सांगते. नर्सरीत पहिला उपाय म्हणून मी ते सुचवत नाही. एका मुलाला एक मोठं माणूस चिकटलं की वर्गताई हळूहळू त्याला ‘माझा’ मानणं सोडते, आणि मुलं त्याच्याशी बोलायच्याऐवजी त्या बाईंशी बोलतात, ‘त्याला सांगा ना, माझी गाडी दे.’ ज्या सोबतीसाठी नर्सरीत घातलं तीच तुटते. मूल रस्त्यावर पळत असेल, फिट येत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर जादा माणूस हवंच. तेव्हा मागणी अशी करा की ती वर्गाची दुसरी ताई असेल, सगळ्यांना मदत करेल आणि त्याच्यावर नजर ठेवेल. तिचा आधार कधी, कसा कमी करायचा, ते पहिल्याच महिन्यात लिहून ठेवायचं. आणि कोणी ‘मी स्पेशल एज्युकेटर’ म्हणून फी सांगितली तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे अशा शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नोंदणी क्रमांक विचारा. नोंदणी नसलेली माणसं पालकांच्या काळजीवर पैसे कमावताना मी पाहिली आहेत.

शाळा असं काढून टाकू शकते का? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधलं कलम १६ सांगतं की सरकारी निधी किंवा मान्यता असलेल्या शैक्षणिक संस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, वाजवी सोयी कराव्यात, वैयक्तिक आधार द्यावा. तुमची नर्सरी मान्यताप्राप्त शाळेचा भाग असेल तर हे कलम पत्रात जरूर लिहा. कुठल्याही शाळेला न जोडलेली, गल्लीतली नर्सरी असेल तर बाजू दुबळी आहे, कारण मोफत शिक्षणाचा हक्क सहा वर्षांपासून पुढे सुरू होतो. तीन ते सहा या वयात मदतीचा फार उपयोग होतो आणि तिथेच कायदा हात आखडता घेतो, याचं मला फार दुःख आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तिसऱ्या वर्षापासूनचा टप्पा शिक्षणात धरला, २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल, म्हणजे अंगणवाडीनं या मुलांसाठी काय करायचं याची कार्यपद्धती आली. दिशा बरोबर आहे. खासगी नर्सरीपर्यंत ते पोचायला हवं.

‘आमच्याकडे तशी सोय नाही’ हे वाक्य ऐकलं की मला पालघर जिल्ह्यातली बोर्डी आणि कोसबाड ही गावं आठवतात. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. त्यांच्याकडेही सोय नव्हतीच. मुलाकडे बघून शाळेचा आकार बदलायचा, हे आपल्या बालशिक्षणात पहिल्यापासून आहे.

निदान झालं तर शाळेला सांगायचं का? सांगा, पण पहिल्या पानावर आजाराचं नाव नको. पहिल्या पानावर त्याला काय आवडतं, कशानं घाबरतो, घाबरला की कशानं शांत होतो, शू लागली हे कसं दाखवतो. वर्गताईंना सकाळी नऊ वाजता याचाच उपयोग होतो. अहवाल त्याला जोडा. इतर पालकांना काय आणि किती सांगायचं, ते तुम्ही ठरवाल, शाळा नाही.

आणि शाळा सोडायची वेळ कधी? त्याला रोज व्हरांड्यात बसवत असतील, सारखं लवकर घरी न्यायला बोलावत असतील, स्नेहसंमेलनातून वगळत असतील, खुर्चीला बांधत किंवा मारत असतील, तर मुदतीची वाट बघू नका, त्याच दिवशी काढा. पण वर्गताई नवीन असेल, गोंधळलेली असेल, तिला कोणी शिकवलंच नसेल आणि तरीही तो आला की तिचा चेहरा उजळत असेल, तर ती शाळा धरून ठेवा. बाकीचं शिकवता येतं. स्पेशल स्कूलचं म्हणाल तर ती शिक्षा नाही. काही मुलं तिथेच फुलतात, खुणांची भाषा लागणारी मुलं विशेषतः. पण तो निर्णय मुलाला काय लागतं ते पाहून, तपासणीनंतर घ्यायचा. गोलात बसत नाही म्हणून दिवाळीच्या मुदतीत घ्यायचा नाही.

सोमवारी वर्गताईंना एकट्यांना भेटा, मुख्याध्यापिकांच्या खोलीत नको. पाच दिवसांच्या नोंदीचा कागद तुम्हीच रकाने आखून न्या. त्याच आठवड्यात ऑडिओलॉजिस्टची वेळ घ्या. नोंद झाली की इथे लिहा, फोटो नको, मुलाचं आणि शाळेचं नाव नको, नुसत्या वेळा आणि आधी काय चाललं होतं ते. आपण मिळून बघू.