ब्राऊन बेल्ट आहे, पण समोरचा हलला की हात थिजतात

(ठाण्यात मुलामुलींना आणि मोठ्या बायकांना कराटे-ज्युदो शिकवणाऱ्या ताई वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : ताई, मी एकोणीस वर्षांची आहे, कळव्याला राहते. सातवीपासून कराटे करतेय, आता ब्राऊन बेल्ट आहे. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, चांगले होतात, ग्रेडिंगला परीक्षकांनी कौतुकही केलं होतं. पण फ्री फाइट लागली की काही सुचत नाही. ब्लॉकसाठी हात उचलेपर्यंत पंच लागून गेलेला असतो. मग मी नुसती मागे मागे सरकते. माझ्याहून दोन बेल्ट खालची मुलगी मला मारून जाते. इतकी वर्षं मी शिकले ती नुसती कवायत होती का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : नाही गं. तू जे कमावलंस ते तुझ्या अंगात आहे. पण तुला अर्धंच शिकवलंय. उरलेलं अर्धं आपोआप येतं असं धरून चालणारे क्लास पुष्कळ आहेत आणि त्यांचा मला मनापासून राग आहे, कारण मग तुझ्यासारखी मेहनती मुलगी दोष स्वतःला देत बसते.

आधी ब्लॉकचंच बघू. वर्गात आगे-उके, म्हणजे हात वर नेऊन घ्यायचा ब्लॉक, कसा घेतेस? पार्टनर पूर्ण एक पाऊल लांब उभा असतो. सरांनी ‘इच’ (एक) म्हटलं की तो पाऊल टाकून ओई-झुकी, म्हणजे सरळ पंच, मारतो आणि हात तसाच ताठ ठेवून थांबतो. कुठला हात, कुठे, कधी, सगळं तुला आधीच माहीत असतं. तू निवांतपणे दोन्ही हात छातीसमोर ओलांडतेस, एक कमरेशी ओढतेस, दुसरा वर नेतेस. फ्री फाइटमध्ये हात आला तसा मागे जातो, पहिला फसवा असतो, दुसरा खरा. डोळ्यांना दिसल्यापासून हात हलायला लागेपर्यंतच सेकंदाचा पाचवा-चौथा हिस्सा जातो. हातभर अंतरावरून आलेला सरळ पंच तेवढ्यात पोचलेलाही असतो. म्हणजे तू मंद नाहीस. त्या अंतरावर तो मोठा ब्लॉक कुणालाच वेळेत जमणार नाही.

मग वाचवतं काय? अंतर. जपानी शिक्षक ज्याला मा-आय म्हणतात ते. समोरच्याला पाऊल टाकल्याशिवाय तुला लागणार नाही इतकं लांब राहायचं, म्हणजे हात दिसायच्या आधी त्याचं पाऊल, त्याचा खांदा दिसतो. कबड्डी खेळलेल्या मुलींना हे फार लवकर येतं. चढाईवाली किती आत येऊ शकते हे त्यांचे पायच सांगतात, म्हणून माझ्याकडे अशी मुलगी आली की मला आनंद होतो. आणि नुसतं सरळ मागे जाऊ नकोस. मागे जाणाऱ्यापेक्षा पुढे येणारा नेहमीच वेगवान असतो. अर्धं पाऊल तिरकं, बाजूला.

दुसरी गोष्ट, कमरेशी ओढलेला हात. कातामध्ये तो हात बहुतेक वेळा रिकामा नसतो, समोरच्याचं मनगट किंवा बाही पकडून आपल्याकडे ओढत असतो. हे कुणी सांगितलं नाही तर मुलं फ्री फाइटमध्येही हात कमरेला ठेवतात आणि तोंड उघडं टाकतात. काहीच पकडलेलं नसेल तेव्हा दोन्ही हात गालांच्या उंचीवर. तुझा काता यामुळे खोटा ठरत नाही. तो पकडापकडीच्या अंतरावरचा आहे आणि तू तो लांबच्या अंतरावर वापरायला बघतेयस. सरांकडे बुंकाई माग, म्हणजे प्रत्येक हालचाल समोरच्या माणसावर करून बघायची. अंगाला अंग लागेल इतक्या जवळून, आणि त्याने मुकाट्याने उभं न राहता.

ओकिनावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटेचे गुरू इतोसु आंको यांनी कराटे शाळांमध्ये आणलं. पिनान काता त्यांनी शाळकरी मुलांना डोळ्यांसमोर ठेवून बसवले. रांगेत उभं राहून मोजणीवर हालचाल करणं हे त्या शाळेच्या पटांगणातून आलेलं आहे, त्यात वाईट काही नाही. पण ज्युदो सुरू करणाऱ्या जिगोरो कानोंकडे बघ. १८८२ साली त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली. ठोसे, लाथा आणि घातक डाव त्यांनी कातापुरते ठेवले आणि उरलेले डाव पूर्ण ताकदीने विरोध करणाऱ्या माणसावर रोज करायला लावले. त्याला रांदोरी म्हणतात. तिथे डाव थोडेच येतात, पण जे येतात ते समोरचा झगडत असतानाही लागतात. मी कराटेवाली असूनही आधी मुलांना हेच सांगते.

आता करायचं काय? एक मैत्रीण गाठ आणि सगळ्या वीस तंत्रांचा नाद सोड. पुढच्या हाताचा पंच, ग्याकू-झुकी (मागच्या हाताचा पंच) आणि माए-गेरी (समोरची किक), एवढंच घे. सुरुवातीला तिने फक्त सरळ पंच मारायचा, पण कधी मारायचा ते तिच्या मर्जीवर. ते जमलं की पंच किंवा किक, दोनपैकी काय येईल ते सांगायचं नाही. मग तिने हलत राहून मारायचं आणि हात लगेच मागे घ्यायचा. मग एक पूर्ण राउंड तू हात उगारायचाच नाही, नुसत्या पायांनी वाचायचं. हा राउंड सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यात जास्त फायदा यातच होतो. त्यानंतर मार चुकवल्यावर लगेच तू उलट एकच पंच मारायचा, आणि शेवटी मोकळी फाइट. सगळं आधी हळू, दोघींचा वेग सारखा. एकीने घाबरून वेग वाढवला की थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. दोन मिनिटांचे राउंड पुरेत. घाबरलेल्या माणसाला जोरात मारून भीती जात नाही, त्याची फक्त डोळे मिटायची सवय पक्की होते.

माउथगार्ड आणि ग्लोव्ह्ज हवेतच. डोक्यावर जोरात नाहीच, हेडगार्ड घातलं तरी नाही. मार लागून गरगरलं, मळमळलं, डोकं दुखत राहिलं तर त्या दिवसाचा सराव बंद आणि डॉक्टरांकडे. आणि क्लास सोसायटीच्या हॉलमध्ये टाइल्सवर असेल तर पाडापाडी अजिबात करू नका, मॅट येईपर्यंत थांबा.

प्रश्न : मी बेचाळीस वर्षांची, घणसोलीला राहते. ठाण्याला नोकरी, सुटायला रात्रीचे दहा होतात. ऑफिसने एका दुपारी स्वसंरक्षणाचं शिबिर घेतलं. पकडलेलं मनगट सोडवायला शिकवलं, तिथे सगळ्यांना जमलं. घरी मिस्टरांना धरायला सांगितलं तर हात हललासुद्धा नाही. मग उपयोग काय?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : तुम्ही घरी करून पाहिलंत याचं मला फार कौतुक वाटतं. शिबिरातल्या बहुतेक जणी तेवढंही करत नाहीत.

अंगठ्याच्या बाजूने हात काढायचा, हे तंत्र बरोबरच आहे, कारण पकडीची फट तिथेच असते. पण मिस्टरांना काय येणार ते माहीत होतं, ते पाय रोवून उभे होते आणि तुम्ही एकट्या मनगटाची ताकद लावत होतात. हात ओढू नका. एक पाऊल त्यांच्याकडे टाका, कोपर त्यांच्या कोपराजवळ न्या आणि सगळं अंग वळवा. त्याच्या आधी त्यांचं लक्ष उडालं पाहिजे. मोठ्याने ओरडणं, तळहात तोंडावर, बुटाची कड नडगीवर. मिस्टरांशी सराव करताना लाथ पायाजवळ थांबवा, पण ओरडा खरोखर. आमच्या वर्गात पंच सगळ्याजणी मारतात, ओरडायला मात्र लाजतात. ती लाज आधी जायला हवी. मग त्यांना सांगा, चालता चालता, न सांगता कधीही धरा आणि ओढा. खरा माणूस असाच धरतो, आणि त्याचा दुसरा हात मोकळा असतो हे विसरू नका.

फ्री फाइटमध्ये दोघं तयार असतात, समोरासमोर असतात. रस्त्यावर सुरुवात बोलण्यातून होते. कुणी पत्ता विचारत, वाद घालत, चिकटत जवळ येतो. म्हणून पहिलं काम हातभराच्या आत न येऊ देणं. दोन्ही तळहात छातीसमोर उघडे आणि “लांब राहा!” असं खणखणीत. घाबरल्यावर छाती धडधडते, नजर आक्रसते, बोटांची बारीक कामं होत नाहीत. त्यामुळे सांधे अडकवायचे नाजूक लॉक तेव्हा सुचणार नाहीत. तळहात, कोपर, गुडघा आणि पळणं, एवढंच अंगात मुरवा. सुटलात की उजेडाकडे, माणसांकडे. तो खाली पडलाय का हे बघायला थांबायचं नाही.

पर्स किंवा मोबाइल ओढला तर द्या, आणि लोकलच्या दारात तर झटापट नकोच. चाकू असेल तेव्हाही तेच. चाकू हिसकावून घ्यायचे डाव शिकवणारा कुणी भेटला तर पांढरा टी-शर्ट घाला आणि त्याच्या हातात लाल मार्कर देऊन त्याला मनाला येईल तसे वार करू द्या. टी-शर्ट बघून तुम्हीच ठरवाल. रेल्वेत १३९, बाहेर ११२ हे मदतीचे नंबर तोंडपाठ हवेत, आणि रात्री ज्या महिला डब्यात पोलीस दिसेल तोच धरा.

कायद्याची भीती अनेकींना असते, म्हणून सांगते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ ही खासगी बचावाच्या हक्काची आहेत. स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवण्यासाठी तुम्ही मारू शकता, पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची मुभा कलम ३७ देत नाही. पळून जाणाऱ्याच्या मागे धावून मारलेली लाथ बचावात बसत नाही.

वय मात्र मनातून काढून टाका. माझ्याकडे पन्नाशीत सुरुवात केलेल्या बायका आहेत आणि पॅडवर त्यांचे कोपर कॉलेजच्या मुलींपेक्षा जास्त वाजतात.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे. घराजवळच्या क्लासमध्ये दोन वर्षांत ब्लॅक बेल्टची हमी देतात. घालू का?
— एक पालक, नौपाडा

उत्तर : हमी देतात तिथे नको. दुसऱ्या क्लासला जाऊन पूर्ण एक तास बसून बघा. मुलं जोडीने काम करतात का, समोरचं मूल हलतं का, की तासभर हवेतच पंच? लहानांच्या डोक्यावर मारू देत असतील तर तिथूनही उठून या. आणि फी महिन्याची भरा, वर्षाची नको.