दत्तक गेलेल्या भावाला जन्मदात्या वडिलांच्या जमिनीत हिस्सा मिळतो का?

थोडक्यात, नाही. तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ 1998 मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, निपुत्रिक काकांना दत्तक गेला. वडील परवा वारले आणि आता तो मोहोळच्या तुमच्या रानातही वाटा मागतोय. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 चं कलम 12 सांगतं की दत्तक झाल्या दिवसापासून जन्मघराशी नातं तुटतं. फक्त लग्नाला निषिद्ध असलेली नाती तेवढी कायम राहतात. अपवाद दोन: दत्तकाआधीच एखादी जमीन त्याच्या मालकीची झाली असेल तर ती त्याचीच, आणि वडिलांनी मृत्युपत्रात काही दिलं असेल तर ते.

आता खरी मेख. तो उद्या "दत्तक झालंच नव्हतं" म्हणेल. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचंच नाव असेल, तर तो कागद पहिला पुढे येईल. म्हणून दत्तकपत्र शोधा. देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या सह्यांचं, नोंदणी झालेलं असेल तर कोर्ट दत्तक झालंच असं गृहीत धरतं. खोडून काढायची जबाबदारी त्याची. नसेल तर मांडीवर बसवताना हजर असलेले भावकीतले म्हातारे गाठा, ओटी भरल्याचा फोटो बघा. होम झाला नव्हता म्हणून काही बिघडत नाही. देणं-घेणं प्रत्यक्ष झालेलं हवं.

आणि दत्तक नाकारलं, तर मुलगा म्हणून काकांच्या विहीर-बागायतीवरचा त्याचा हक्कच डळमळतो. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही, हे वकिलाकरवी नोटिशीच्या उत्तरात लिहाच. तलाठ्याकडे वारसनोंदीला हरकतही लगेच द्या, पण सातबाऱ्यावरच्या नावाने मालकी ठरत नाही. ती दिवाणी कोर्टातच.