‘बूट टाइमआउट’ म्हणजे कालबाह्यता नव्हे

लिनक्स ही संगणकप्रणाली बसवण्याच्या बूटेबल (संगणक जिच्यावरून सुरू होतो अशा) डीव्हीडीवरील मेनू मराठीत करताना ‘बूट टाइमआउट’साठी ‘आरंभ कालबाह्यता’ हा शब्द चालेल काय, असे सोलापुरातील एका संगणक-शिक्षकांनी विचारले आहे. माझ्या मते चालणार नाही. कालबाह्य होतात त्या रूढी आणि कायदे. येथे तर यंत्र केवळ काही सेकंद आपल्या उत्तराची वाट पाहत असते.

डीव्हीडी ड्राइव्हमध्येच विसरली आणि वीज जाऊन आल्यावर संगणक पुन्हा सुरू झाला, तर पडद्यावर मेनू येतो, खाली १०, ९, ८ असे आकडे उतरू लागतात आणि कोणीच कळ दाबली नाही तर, डिस्क तयार करणाऱ्याने तशी योजना करून ठेवली असल्यास, यंत्र मुकाट्याने हार्ड डिस्ककडे वळते; मध्येच कळ दाबली की मोजणी बंद पडते. एसटी स्थानकावर ‘गाडी दहा मिनिटे थांबेल’ असे वाहक सांगतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून मला आधी ‘थांबा’ हा शब्द आवडला होता. परंतु ‘थांबा : १० सेकंद’ असे पडद्यावर वाचून आज्ञाधारक माणूस हात आवरून बसेल आणि तेवढ्यात निवडीची वेळ निघून जाईल.

त्यापेक्षा ‘निवडीची मुदत’ म्हणावे. ‘मुदत’ मूळचा अरबी, पण मुदतठेवीपर्यंत घरोघरी रुळलेला. शिवाय त्याच्या जोडीला ‘बेमुदत’ तयार आहे आणि त्याची येथे खरोखर गरज पडते. असा मेनू दाखवून संगणक सुरू करून देणारे आयसोलिनक्स आणि ग्रब हे दोन प्रोग्राम घ्या. आयसोलिनक्समध्ये टाइमआउट शून्य ठेवला तर मेनू बेमुदत थांबून राहतो. ग्रबमध्ये मात्र त्याच शून्याने मुदतच उरत नाही, ठरलेली निवड लगेच सुरू होते, आणि बेमुदत थांबवायचे तर उणे १ लिहावे लागते. आयसोलिनक्स सेकंदाचे दशांश मोजतो, तेव्हा तेथे १० सेकंदांच्या मुदतीसाठी १०० लिहायचे, हेही विद्यार्थ्यांना सांगून ठेवावे.

‘बूट’ तसाच ठेवावा. बूट पायात ओढून घेण्याच्या पट्टीवरून आलेल्या त्या शब्दाला ‘आरंभ’ म्हटल्याने काही साधत नाही. प्रत्यक्ष मेनूखाली तर नामाऐवजी सरळ वाक्यच लिहावे : ‘निवड न केल्यास १० सेकंदांनी संगणक हार्ड डिस्कवरून सुरू होईल.’